परतीचा बर्फ

परतीचा पाऊस काय करतो हे मराठी शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. चार महिने ज्याची वाट पाहिली तोच जाता जाता काढणीला आलेले पीक आडवे करून जातो. बर्फाच्या मुलुखात दोन दिवस स्की करायला गेलेल्यांचेही पुष्कळदा असेच होते. उतारावर ते पन्नासदा पडतात, हसत उठतात, अंगावरचा बर्फ झटकून पुन्हा निघतात. त्या पडण्याची तयारी केलेली असते. डोक्यावर हेल्मेट असते, शिकवायला प्रशिक्षक असतो, कोणी जायबंदी झाला तर गस्तीपथक धावून येते. मग रविवारी दुपारी ओले कपडे आणि बूट गाडीत कोंबले जातात आणि घरचा रस्ता धरला जातो. या रस्त्याची गणती सहलीत कोणी करत नाही. सहल संपली, आता फक्त घरी पोहोचायचे आहे, अशीच सगळ्यांची समजूत असते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात हिवाळ्यातल्या रविवारी या समजुतीची परीक्षा होते. व्हेल, ब्रेकनरिज, कॉपर माउंटन ही स्कीची प्रसिद्ध ठिकाणे ज्या रस्त्याने डेन्व्हरशी जोडलेली आहेत तो ‘आय-७०’ महामार्ग. व्हेलहून डेन्व्हर साधारण १५५ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर पावणेदोन-दोन तासांचे काम. रविवारी संध्याकाळी त्याला चार तासही लागतात. वाटेत समुद्रसपाटीपासून अकरा हजार फुटांवर आयझेनहॉवर-जॉन्सन बोगदा आहे, पावणेतीन किलोमीटर लांबीचा. त्याच्या पूर्वेच्या तोंडातून बाहेर पडले की मधले चढ सोडता रस्ता उतरतच जातो, तो ५,२८० फुटांवरच्या डेन्व्हरपर्यंत. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही या वाटेवर असतात. कसारा किंवा खंबाटकी घाटात हात बसलेला असतो, म्हणून उताराची भीती वाटत नाही. गिअर खालचा ठेवावा, ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये, हे घाटाने शिकवलेले ज्ञान तिथेही उपयोगी पडते. मात्र पावसाळी घाटात टायर रस्त्याला थोडेफार तरी धरून असतो. बर्फावर ती खात्री उरत नाही.

रविवारच्या संध्याकाळीच हे का घडते, याचे उत्तर घड्याळात आहे. स्कीच्या लिफ्ट दुपारी चारच्या सुमारास बंद होतात आणि हजारो माणसे एकाच वेळी पार्किंगमधून बाहेर पडतात. डिसेंबर-जानेवारीत डेन्व्हरचा सूर्य साडेचार-पाचलाच मावळतो. दऱ्याखोऱ्यांतल्या रस्त्यावरून तो त्याआधीच डोंगराआड जातो. दिवसभर उन्हाने आणि टाकलेल्या मिठाने जो बर्फ वितळला, त्याचे पाणी कडेच्या ढिगाऱ्यांतून झिरपत रस्त्यावर आडवे पसरलेले असते. ऊन गेले की ते गोठू लागते. म्हणजे रस्ता सर्वांत निसरडा होण्याची वेळ, तो सर्वांत भरलेला असण्याची वेळ आणि चालक सर्वांत थकलेला असण्याची वेळ, या तिन्ही एकत्र येतात.

गोठलेल्या पाण्याच्या या पातळ थराला तिकडे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. नाव काळ्या बर्फाचे असले तरी तो काळा नसतो. काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालचे डांबर त्यातून दिसते. रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. गाडीच्या पडद्यावरचे तापमान इथे फसवते. तो आकडा हवेचा असतो, रस्त्याचा नव्हे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि हवा दोन-तीन अंश सेल्सियस असतानाही डांबराचा पृष्ठभाग शून्याखाली जाऊ शकतो. पूल सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून, दोन्हीकडून थंड हवा लागते. खालून ऊब द्यायला जमीन नसते. बोगद्याच्या तोंडाशीही असेच काहीसे होते. आतला रस्ता कोरडा, उजेड भरपूर, वेग नकळत वाढलेला, आणि बाहेर पडताच अंधार आणि बर्फ.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा गोठणबिंदूच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो. उणे पंधरा अंशांना बर्फ कठीण आणि कोरडा असतो, शून्याजवळ त्याच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा सूक्ष्म थर राहतो आणि टायर त्यावरून घसरतो. ‘आज फार थंडी नाही’ हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारे नाही. मिठाचीही मर्यादा आहे. उणे नऊ-दहा अंशांच्या खाली साध्या मिठाचा प्रभाव फारच मंदावतो आणि रस्ते खात्याला मॅग्नेशियम क्लोराइडसारखी दुसरी रसायने वापरावी लागतात.

थोडे गणित केले की निसरडेपणाचा अर्थ कळतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यानंतर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर तिला पन्नासएक मीटर लागतात. गोठलेल्या थरावर हे अंतर शंभर मीटरच्या घरात जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा दीड सेकंद आणि त्या वेळात कापलेले वीसएक मीटर यात धरलेले नाहीत. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचे अंतर चौपट होते. पुढच्या गाडीपासून एरवी तीन सेकंदांचे अंतर ठेवणाऱ्याने बर्फात आठ-दहा सेकंदांचे ठेवावे, या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

फोर-व्हील ड्राइव्हचा गैरसमज इथेच उघडा पडतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी बर्फातून सहज निघते, चढ चढते. थांबताना मात्र तिचा काही उपयोग नाही; ब्रेक प्रत्येकच गाडीला चारही चाकांवर असतात. उलट, सहज सुटलेली गाडी चालकाला खोटा धीर देते. थांबवण्याचे आणि वळवण्याचे काम शेवटी टायरचे असते. साध्या टायरचे रबर सात अंशांखाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ पकडतात. थंडीत टायरमधली हवाही आकसते. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, त्यामुळे डेन्व्हरला भरलेली हवा डोंगरावर दोन रात्री काढल्यानंतर पुन्हा तपासायला हवी.

कोलोरॅडोने हे सारे कायद्यात बसवले आहे. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात ‘आय-७०’च्या डोंगरी टप्प्यावर गाडीच्या टायरची नक्षी किमान तीन-सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल असावी लागते. शिवाय गाडी चारही चाकांवर चालणारी तरी असावी किंवा टायर बर्फाला योग्य असावेत. नाहीतर साखळ्या सोबत बाळगाव्या लागतात. हे न पाळल्याने गाडी अडकून रस्ता बंद झाला तर दंड पाचशे डॉलरच्या वर जातो. भारतात मोटारीच्या टायरवरची झीज दाखवणारी खूण १.६ मिलिमीटरवर असते; तिच्यापर्यंत पोहोचलेला टायर आपल्याकडे ‘अजून चालेल’ या सदरात मोडतो. कायदा चांगला आहे, त्याने फरकही पडतो. पण तो टायर तपासतो, स्टीअरिंग धरणाऱ्याला तपासत नाही.

त्या माणसाचा दिवस कसा गेलेला असतो? गर्दी टाळायची म्हणून तो पहाटे चारला उठलेला असतो. दिवसभर मांड्या आणि पोटऱ्यांनी अशी कामे केलेली असतात, जी ऑफिसात बसणाऱ्या माणसाच्या स्नायूंना ठाऊकच नसतात. दोन दिवसांचा मुक्काम असेल तर रात्रीची झोपही पुरती झालेली नसते. अडीच हजार मीटरच्या वर सखल भागातून आलेल्यांचा श्वास झोपेत अनियमित होतो. मध्येच थांबतो, मग खोल घेतला जातो, आणि झोप पुन्हापुन्हा मोडते. ब्रेकनरिज गाव २,९०० मीटरवर आहे. डोंगरावरची हवा कोरडी असते, जोराच्या श्वासागणिक शरीरातले पाणी जाते, आणि थंडीत तहान लागत नाही म्हणून ते भरून काढले जात नाही. थकव्याच्या आणि डोकेदुखीच्या अर्ध्या तक्रारी इथून सुरू होतात.

पहाटे चारला उठलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता जागून सतरा तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हातांची आणि लक्षाची कामे रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळतात. चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला येतात. हे आकडे कायद्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. कोलोरॅडोत ०.०५ टक्क्यांपासून गाडी चालवण्याची क्षमता घटल्याचा गुन्हा लागू होतो. भारतात मर्यादा त्याहून कडक, ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. एक थेंबही न घेतलेला पण पहाटेपासून जागा असलेला माणूस या हिशेबाने दोन्हीकडे रेषेवर किंवा रेषेपलीकडे उभा असतो. श्वासाची चाचणी करणाऱ्या यंत्राला ते कळत नाही. आणि त्याने शेवटच्या फेरीनंतर बिअरचा एखादा ग्लास घेतला असेल, जे स्कीच्या ठिकाणी अगदी रीतीचे मानले जाते, तर थकवा आणि मद्य एकमेकांना हात देतात.

मग गाडीतली ऊब. दिवसभर गारठलेल्या अंगाला हीटरची हवा लागते, हातापायांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, जेवण पोटात असते, मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात, समोर लाल दिव्यांची संथ रांग. झोप येण्यासाठी याहून चांगली तजवीज ठरवूनही करता येणार नाही. डुलकी चार सेकंदांची असते आणि ती लागली होती हे पुष्कळदा ज्याला लागली त्यालाच कळत नाही. ताशी ६० किलोमीटरने गाडी तेवढ्यात ६५ मीटर पुढे जाते. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, गालावर चापट्या मारणे, हे उपाय काही मिनिटेच टिकतात. टिकणारा उपाय एकच, गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटे झोपणे. कॉफी घ्यायची तर झोपण्याआधी घ्यावी. तिचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही होते. हीटर थोडा कमी ठेवावा आणि आतलीच हवा फिरवत राहणारे बटण बंद ठेवावे. त्याने काचेवर धुके धरत नाही.

डोळ्यांचाही एक हिशेब असतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, आणि उंचीच्या दर हजार मीटरमागे हे किरण दहाएक टक्क्यांनी वाढतात. गॉगल न लावता, किंवा ढगाळ आहे म्हणून कपाळावर सरकवून दिवस काढला तर बुबुळाचा बाहेरचा पडदा भाजतो. याला हिमांधता म्हणतात. तिची खोड अशी की ती लगेच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी येते, दिवे बोचू लागतात. सकाळी दहाला भाजलेले डोळे संध्याकाळी समोरच्या गाड्यांच्या प्रकाशात तक्रार करू लागतात. अशा वेळी गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याखेरीज पर्याय नसतो.

मुलांबाबत एक छोटी गोष्ट. फुगीर जाकीट घालून मुलाला कार-सीटमध्ये बसवले की पट्टा घट्ट वाटतो, पण तो जाकिटातल्या हवेवर घट्ट असतो. धडकेत जाकीट दबते आणि मूल पट्ट्यातून सुटू शकते. जाकीट काढून पट्टा आवळावा आणि वरून पांघरूण घालावे.

गाडी बर्फात अडकली तर धोक्याचे स्वरूपच बदलते. ७ जानेवारी २०२२ च्या रात्री पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहायला गेलेल्यांच्या गाड्या हिमवादळात अडकल्या आणि किमान २२ जणांचा त्यांतच अंत झाला. त्यांपैकी काहींचे मृत्यू थंडीने नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने झाल्याचे सांगितले गेले. उबेसाठी इंजिन सुरू, खिडक्या बंद, आणि मागचा धूर सोडणारा पाइप बर्फात गाडला गेलेला. मग धूर गाडीतच शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि डोंगरावर असल्यामुळे हे उंचीचे दुखणे समजून माणूस झोपी जातो. एकाच गाडीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी दार उघडावे. अडकलेल्यांनी अधूनमधून पाइपभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवावे आणि वारा ज्या बाजूने येत नाही तिकडची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. त्यासाठी गाडीत फावडे, पांघरुणे, पाणी आणि भरलेली टाकी लागते. चारशे रुपयांचे फावडे किती जण घेतात, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न डेन्व्हरपेक्षा मनालीत जास्त जवळचा वाटेल. ९ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि हिवाळ्यात एरवी तुटून राहणारे लाहौलचे खोरे मनालीपासून तासाभराच्या अंतरावर आले. ही स्थानिकांसाठी फार मोठी सोय आहे. पण बोगद्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरच्या वर आहेत, आणि सोलंगच्या उतारांवर स्की करून किंवा नुसता बर्फ खेळून बोगद्यापलीकडे ‘जरा जाऊन येऊ’ म्हणणाऱ्यांची गर्दी नाताळच्या दिवसांत अफाट होते. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगद्यादरम्यान सुमारे हजार गाड्या बर्फात खोळंबल्या आणि पोलिसांना रात्रभर पर्यटक बाहेर काढावे लागले. जोराचा बर्फ पडला की पोलीस पुढे फक्त फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. म्हणजे इथेही तपासणी गाडीची.

फरक असा की कोलोरॅडोत थकलेला माणूस बहुधा स्वतःचीच गाडी चालवत असतो. मुंबई-पुण्याहून गेलेले कुटुंब मात्र चंडीगड किंवा दिल्लीहून टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर टॅक्सी ठरवते. पाहुणे बर्फात खेळतात तेव्हा चालक गाडीशी थांबलेला असतो. पाहुणे हॉटेलात झोपतात तेव्हा त्याने कुठे झोपायचे हे कोणी ठरवलेले नसते. पुष्कळदा तो गाडीतच अंग टाकतो, शून्याखालच्या रात्री. आणि परतीचे विमान किंवा राजधानी गाठायची असल्याने संध्याकाळी त्यालाच सांगितले जाते की रात्रभर चालवून सकाळपर्यंत पोहोचव. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ पासून २०२५ पर्यंत होता. त्यात चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, अशी मर्यादा होती. पण तो मूळच्या तरतुदीनुसार पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होत असे. एकच गाडी असलेला, ती स्वतःच चालवणारा माणूस त्याच्या बाहेर राहत असे, आणि डोंगरातला मोठा व्यवसाय अशाच गाड्यांवर चालतो. ‘भैया, नींद तो नहीं आ रही?’ हा प्रश्न पहाटे तीनला मागच्या सीटवरून विचारून काय उपयोग? ‘येते आहे’ असे उत्तर देऊन भाडे गमावणे त्याला परवडणारे नसते.

थकलेल्या माणसाच्या हातून स्टीअरिंग काढून घेणे हाच खरा उपाय, आणि त्याचे नमुने आहेत. कोलोरॅडोचे वाहतूक खाते हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी डेन्व्हरहून स्कीच्या ठिकाणी ‘स्नोस्टँग’ ही बस सोडते. डेन्व्हरच्या युनियन स्टेशनातून विंटर पार्कपर्यंत जाणारी जुनी स्की-रेल्वे २००९ मध्ये बंद पडली होती; ॲमट्रॅकने ती २०१७ पासून पुन्हा आणली. या गाड्यांत माणसे घरापर्यंत निर्धास्त झोपतात. हिमाचलमध्ये मनाली ते सोलंग आणि बोगद्यापर्यंत बर्फाच्या दिवसांत खासगी गाड्या थांबवून साखळ्या लावलेल्या बसच सोडता येतील. स्थानिक टॅक्सीवाल्यांचे उत्पन्न सांभाळून ते कसे करायचे, हे राज्य सरकारने त्यांच्याशी बसून ठरवावे. सोमवारी सकाळी नऊची बैठक ठेवणाऱ्या कार्यालयांकडेही थोडा दोष जातो. ती बैठक दुपारी असेल तर रविवारी रात्री निघालेल्यांतले निम्मे लोक सोमवारी ऊन चढल्यावर निघतील.

तोवर सहल ठरवणाऱ्यांच्या हातात एक गोष्ट आहे. टूर कंपनीच्या दरपत्रकात नाश्ता किती, जेवणे किती, खोलीत हीटर आहे का, हे सगळे लिहिलेले असते. चालकाच्या मुक्कामाचे काय, एवढे एक विचारावे. मनालीतल्या साध्या लॉजवरची एक खाट दोन-तीन रात्रींसाठी घेतली, तर बारा जणांच्या ट्रॅव्हलरमध्ये तिचा खर्च माणशी बर्फात घालायच्या भाड्याच्या गमबुटांपेक्षा फारसा जास्त पडत नाही.